जुनी मोजा, मग नवी घ्या: अंग न दुखवणारी रोड सायकल कशी निवडावी

रोड सायकल बदलायची ठरली की बहुतेक जण थेट दुकान गाठतात. रंग बघतात, एका हाताने उचलून वजन बघतात आणि सायकल घरी आणतात. महिन्याभरात तीच मान आणि तेच तळहात पुन्हा दुखायला लागतात, कारण सायकल नवी आली तरी बसायचा आकार जुनाच राहिलेला असतो. हा आकार सीट, पायडल आणि हँडल या तीन जागांमधल्या अंतरावर ठरतो. आरामाचा मोठा वाटा तिथेच असतो, त्यानंतर टायरची रुंदी आणि त्यातली हवा. सीटची जाड गादी यात फार मागे येते. म्हणून पहिलं काम घरच्या ओसरीत, टेप हातात घेऊन करायचं.

जुनी सायकल मोजा

मोजायचा टेप, वही आणि दोऱ्याला बांधलेला एखादा जड नट एवढं पुरे. दोरा-नट म्हणजे आपला ओळंबा. सायकल सरळ धरायला सोबत एक माणूस घ्या. फरशी सपाट हवी, शेणाने सारवलेल्या अंगणात माप चुकतं.

चार मापं लिहून ठेवा. पहिलं, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, ज्या आसावर फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, सीटच्या नळीच्या रेषेत. दुसरं, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर. तिसरं, जमिनीपासून सीट किती उंच आणि हँडल किती उंच, म्हणजेच दोन्हींतला फरक. चौथं, सीटच्या टोकाला ओळंबा लावला तर तो बॉटम ब्रॅकेटच्या मध्याच्या किती मागे पडतो.

आता फ्रेमची दोन मापं काढा. कंपन्यांच्या तक्त्यात 'स्टॅक' आणि 'रीच' असे दोन आकडे असतात. बॉटम ब्रॅकेटपासून हँडलखालच्या उभ्या नळीचं वरचं तोंड किती वर आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. जुन्या सायकलचा तक्ता सापडत नसेल तर मागचं चाक भिंतीला टेकवून सायकल उभी करा. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटचा मध्य समजा ७४.१ सेंमीवर आला आणि उभ्या नळीच्या तोंडाचा मध्य ११२.६ सेंमीवर, तर रीच ३८.५ सेंमी. फरशीपासून बॉटम ब्रॅकेट २७ सेंमी आणि नळीचं तोंड ८१.५ सेंमी असेल तर स्टॅक ५४.५ सेंमी. पाच मिनिटांचं काम आहे, पण नवी सायकल घेताना याहून खात्रीचा कागद तुमच्या हातात दुसरा नसेल.

कुठे दुखतं, तेही लिहा

मापांशेजारी दुखणी लिहा, कारण प्रत्येक दुखण्याचं बोट सायकलच्या एका ठरावीक जागेकडे जातं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर अंगाचा भार हातांवर येतोय. हँडल खाली किंवा लांब आहे, सीटचं टोक खाली झुकलंय, किंवा टायर दगडासारखे फुगवलेत. मान आणि खांदे आखडत असतील तर बहुतेक वेळा हँडल लांब असतं: कोपर ताठ होतं आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट खांद्यात जातो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खाली किंवा फार पुढे आहे, मागून दुखत असेल तर सीट वर आहे. कंबर दुखत असेल तर घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगा. पायडल मारताना तुमची बसण्याची जागा डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट उंच आहे. हलत नसेल तर हँडल खाली आहे, किंवा तुम्ही जड गिअरमध्ये ताकद लावत चालवताय.

जांघेत किंवा गुप्तांगाजवळ मुंग्या येत असतील तर ते लाजून लपवायचं दुखणं नाही. तिथल्या नसेवर दाब येत असतो. सीटचं टोक वर उचललेलं असतं, सीट उंच असते किंवा तिची रुंदी तुमच्या हाडांना जुळत नाही. हे दुरुस्त होईपर्यंत लांब पल्ल्याला निघू नका.

यातलं बरंचसं जुन्या सायकलवरही सुटतं. हँडल धरणारी आडवी नळी, म्हणजे स्टेम, ११० मिमीची काढून ९० ची लावली किंवा आहे तीच उलटी बसवली, तर हँडल जवळ किंवा वर येतं. फ्रेममध्ये जागा असेल तर २३ मिमी रुंदीचे टायर काढून २८ चे टाका. तेवढ्याने दुखणं थांबलं तर नवीन सायकलीचे पैसे वाचले.

सायकल बदलायलाच हवी अशी कारणं वेगळी आहेत. फ्रेममध्ये २५ मिमीहून रुंद टायर जातच नाही. फ्रेमचा आकारच चुकीचा आहे आणि आखूड स्टेमनेही भागत नाही. वेल्डिंगजवळ केसासारखी चीर आहे; ती हँडलच्या खालच्या जोडावर, बॉटम ब्रॅकेटपाशी आणि सीटच्या क्लॅम्पखाली फडक्याने पुसून बघा. रिमला घासणारे ब्रेक असतील तर रिमच्या कडेवरून बोट फिरवा. कड आत खोलगट झाली असेल तर ती रिम हवेच्या दाबाने फाटू शकते. तसल्या चाकावर एक किलोमीटरही जाऊ नका.

फ्रेमचा आकार: इथे घाई नको

रोड सायकलींचे ढोबळ दोन घाट असतात. शर्यतीच्या सायकलचं हँडल खाली आणि लांब असतं. लांब पल्ल्याच्या, म्हणजे एन्ड्युरन्स सायकलचं हँडल वर आणि जवळ असतं. पाटी वाचून विश्वास ठेवू नका, भागाकार करा. स्टॅकला रीचने भागा. वरच्या उदाहरणात ५४.५ भागिले ३८.५ म्हणजे १.४२, ही शर्यतीची ठेवण झाली. त्याच उंचीच्या माणसासाठी स्टॅक ५७ आणि रीच ३७.७ असेल तर उत्तर १.५१ येतं. रोज दोन-तीन तास चालवणाऱ्या आणि ज्याची पाठ अजून सरावलेली नाही अशा माणसासाठी १.५ च्या आसपास किंवा थोडं वर हवं.

फ्रेमवरचे ५२, ५४ किंवा एस, एम हे आकडे एका कंपनीचे दुसरीशी जुळत नाहीत. एकीचं ५४ दुसरीच्या ५२ एवढं निघतं. स्टॅक आणि रीच मात्र कुठल्याही कंपनीचे असोत, सारखेच मोजलेले असतात.

दोन फ्रेमच्या मधोमध अडकलात तर रीच बघून लहान फ्रेम घ्या, पण तिचा स्टॅक पुरेसा आहे ना ते तपासा. स्टेमखाली १० मिमीची एक चकती वाढवली की हँडल तेवढं वर येतंच, शिवाय नळी तिरकी असल्याने साधारण ३ मिमी जवळही येतं. मात्र फोर्कची, म्हणजे पुढच्या चिमट्याची वर येणारी नळी एकदा कापली की पुन्हा वाढत नाही. दुकानदाराला आधीच सांगा: महिनाभर नळी कापायची नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी सरळ हँडलच्या गिअर सायकली भरपूर मिळतात, पण रोड सायकलचे सगळे साईज एका दुकानात क्वचितच असतात. मग 'हीच घ्या, सीट वर-खाली करून बसवून देतो' असं ऐकायला मिळतं. सीटने उंची जुळते, पण हँडलपर्यंतचं अंतर जुळत नाही. सीट पुढे सरकवून हँडल जवळ आणलं तर गुडघा बिघडतो. साईज नसेल तर थांबा, मागवायला सांगा, किंवा पुण्या-हैदराबादला जाऊन बसून बघा.

टायर: मराठवाड्यात खरा फरक इथे पडतो

आपल्याकडचा रस्ता एकसारखा नसतो. धुळे-सोलापूर महामार्गावर गुळगुळीत पट्टा मिळतो, पण गावं आली की रम्बलर लागतात. सिमेंटच्या रस्त्यावर ठरावीक अंतराने जोडाचा ठोका बसतो. तालुक्याच्या डांबरी रस्त्यावर खडी उघडी पडलेली असते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीला वाट द्यायला मुरमाच्या साईडपट्टीवर उतरावं लागतं. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे त्या गुळगुळीत सिमेंटचा हिशोब धरूच नका.

यासाठी ३२ मिमीचा टायर घ्या, आणि फ्रेममध्ये ३५ पर्यंत जागा असेल तर उत्तम. रुंद टायर जड चालतो ही समजूत सोडा. खडबडीत रस्त्यावर कमी हवेचा रुंद टायर खडीवरून दबून जातो. कडक अरुंद टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि माणूस दोघांनाही वर उचलतो, आणि ती ताकद वाया जाते. जागा तपासताना टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना किमान ४ मिमी फट बघा. पावसाळ्यात काळ्या रानातून सायकल ढकलायची वेळ येणाऱ्याला त्याहून जास्त हवी. काळी माती टायरला लपेटली की चाक फिरतच नाही, आणि तसंच ओढलं तर ती माती फ्रेमचा रंग खरवडून काढते.

हवा किती? ७० किलोच्या माणसाने ३२ मिमीच्या टायरमध्ये पुढे ५५ ते ६० आणि मागे ६० ते ६५ पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) भरावी. २८ च्या टायरला पुढे ७० ते ७५, मागे ७५ ते ८०. वजन ५ किलोने वाढलं की दोन-तीन पीएसआय वाढवा. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही मर्यादा असते, तेवढी भरायची सक्ती नसते. नवखे तिथेच फसतात आणि मग सीटला दोष देतात. फार कमी भरलीत तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाने चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली की पाच पीएसआय वाढवा.

उन्हाळ्यात टायर फुटतो या भीतीने बरेच जण हवा कमी ठेवतात. गणित करून बघा: पहाटे २५ अंशांत ८० पीएसआय भरली आणि टायर ४५ अंशांवर गेला, तर दाब ८६ च्या आसपास जातो. एवढ्याने धड टायर फुटत नाही. कडेला चीर पडलेला टायर मात्र फुटतो, म्हणून चीर शोधा.

काटा हा आपला मुख्य शत्रू. बाभळीचा काटा लांब असतो आणि आरपार जातो. सराटा बारीक असतो, पण कडेला झाडून साचतो आणि एका वेळी तीन-चार टोचतात. आत काटारोधक पट्टी असलेला टायर घ्या, थोडा जड असला तरी चालेल. ट्यूबलेसमध्ये, म्हणजे ट्यूब नसलेल्या चाकात, दर टायरमध्ये ३० ते ६० मिली द्रव भरला की बारीक काटे आपोआप बुजतात. पण आपल्या उन्हात तो द्रव दोन-तीन महिन्यांत वाळतो, पुन्हा भरावा लागतो, आणि रस्त्यावरचा पंक्चरवाला त्यात मदत करू शकत नाही. आमचं मत असं: चाक ट्यूबलेस चालणारं घ्या, पण पहिलं वर्ष ट्यूबवरच काढा.

रोड सायकलची ट्यूब बहुधा बारीक, वरून पेच सैल करायच्या व्हॉल्व्हची असते. त्याला प्रेस्टा म्हणतात. गावच्या कॉम्प्रेसरची नळी त्यावर बसत नाही. पितळी ॲडॉप्टर अगदी किरकोळ किमतीत मिळतो. एक व्हॉल्व्हवरच्या टोपीसारखा लावून ठेवा, दुसरा सीटखालच्या पिशवीत टाका. कॉम्प्रेसर ट्रकसाठी लावलेला असतो आणि सायकलची ट्यूब दोन-तीन सेकंदांत भरते. म्हणून तिथे हवा टप्प्याटप्प्याने, दाब बघत भरा.

गिअर

जुन्या रोड सायकलला पुढे ५२/३९ आणि मागे ११-२५ दाते असणं सर्रास होतं. तिचा सर्वांत हलका गिअर ३९ भागिले २५, म्हणजे १.५६. पायडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी १२ किमीच्या आसपास होतो. चढावर तेवढा वेग ठेवता आला नाही की गुडघ्यावर जोर येतो. पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ असेल तर हलका गिअर १ वर येतो आणि त्याच फेऱ्यांत ताशी ८ किमीपेक्षा कमी वेगाने चढता येतं. दौलताबादहून खुलताबादकडे जाणारा घाट, म्हैसमाळची चढण किंवा बीडजवळचा मांजरसुंबा घाट बसून चढायचा असेल तर हाच जोड घ्या. परभणी-नांदेडचा प्रदेश सपाट आहे म्हणून तिथे हलका गिअर नको, असं मात्र नाही. उघड्या माळावर समोरून वारा आला की तोही चढच असतो.

गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या संचांच्या पायऱ्या अशा: क्लॅरिसमध्ये मागे ८ चकत्या, सोरामध्ये ९, टियाग्रामध्ये १०, आणि १०५ मध्ये पिढीनुसार ११ किंवा १२. चकत्या वाढल्या की दोन गिअरमधली उडी लहान होते, पण चेन बारीक, महाग आणि शोधायला अवघड होते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला आठ किंवा नऊचा संच सोयीचा. उरलेले पैसे टायरला लावा.

ब्रेक आणि फ्रेमचा धातू

डिस्क ब्रेक घ्या. रुंद टायरला जागा मिळते आणि पावसात हमखास लागतात. केबलवरचा डिस्क कुठलाही हुशार मेकॅनिक जुळवून देतो. ऑईलवरच्या ब्रेकला बोट कमी थकतं, पण तेल कंपनीने सांगितलेलंच हवं. मिनरल ऑईलच्या ब्रेकमध्ये मोटारसायकलचं डॉट फ्लुईड घातलं तर आतले रबर फुगतात आणि ब्रेक जातो. जवळ हे जाणणारा कारागीर नसेल तर केबल बरी.

फ्रेम ॲल्युमिनियमची पुरते. कार्बन हलकं असतं आणि धक्काही थोडा कमी पोचवतं, पण ३२ च्या टायरने जे मिळतं त्यापुढे तो फरक छोटा आहे. आरामासाठी म्हणून कार्बनवर दुप्पट पैसे घालू नका.

पैशांच्या बाबतीत एक तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुना स्टॉक असेल तर बिल कोणत्या दराने बनतंय ते बघा. आणि बजेटचा दहावा हिस्सा पंप, ॲडॉप्टर, दोन ट्यूब, दिवे आणि हेल्मेटसाठी आधीच बाजूला ठेवा.

दुकानात चालवून बघताना

वही आणि टेप सोबत न्या. आधी सीटची उंची लावून घ्या, त्याशिवाय बसूच नका. उंची काढायची रीत अशी: भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, दोन्ही पायांच्या मधे जाड पुस्तक जांघेपर्यंत घट्ट वर ओढून धरा आणि त्याच्या वरच्या कडेची जमिनीपासून उंची मोजा. ती ८२ सेंमी आली तर ०.८८३ ने गुणून ७२.४ सेंमी, ही बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटची उंची. ही सुरुवात आहे. टाच पायडलवर ठेवून उलटं फिरवलं तर खालच्या टोकाला पाय जेमतेम सरळ व्हावा, कंबर कलू नये.

मग निदान वीस मिनिटं चालवा. हात ब्रेकच्या मुठींवर ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं. सपाट, मोकळ्या जागी हळू चालत असताना तळहात क्षणभर सैल सोडा. अंग पुढे कोसळत असेल तर भार हातांवर आहे. जवळपास एखादा खराब पट्टा असेल तर त्यावरून न्या. लहान फ्रेम असेल तर जागेवर उभं राहून पुढचं चाक वळवा आणि ते बुटाच्या टोकाला लागतं का बघा. हँडलची रुंदी खांद्याच्या दोन हाडांमधल्या अंतराएवढी असावी, म्हणजे बहुतेकांना ४० ते ४४ सेंमी. अरुंद खांद्याच्या बायकांना ३८ चं मागवावं लागतं.

सीट दाबून निवडू नका. बोटाला मऊ लागणारी जेलची जाड सीट तासाभरात दबते, तुमची बसायची हाडं आत रुततात आणि मधला फुगलेला भाग नेमका नसांवर चढतो. घरी पायरीवर पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा ठेवून त्यावर गुडघे उचलून दोन मिनिटं बसा. पडलेल्या दोन खळ्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि त्यात साधारण २ सेंमी मिळवा. १२ सेंमी आलं तर १४ च्या आसपासची सीट. जुन्या सायकलची सीट त्रास देत नसेल तर तीच नव्यावर चढवा.

पायडलही आणता येतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. जुनी चाकं मात्र बसणार नाहीत. रिम ब्रेकच्या जुन्या रोड सायकलचा मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, १३० मिमीचा, तर आजच्या डिस्क रोड सायकलचा बहुधा १४२ मिमीचा आणि आरपार आसाचा असतो.

सायकल खोक्यात आली तर

ऑनलाईन मागवलेली सायकल अर्धवट जोडलेली येते. तीन चुका वारंवार दिसतात. चिमटा उलटा बसवलेला असतो. डिस्क सायकलवर पुढचा कॅलिपर, म्हणजे डिस्क चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग, डाव्या बाजूला आला पाहिजे. उजवीकडे दिसला तर थांबा आणि चिमटा फिरवा. दुसरी चूक, डावं पायडल नेहमीसारखं पिळून क्रँकचे आटे खाल्ले जातात. तिसरी, स्टेमचे बोल्ट अंदाजे आवळलेले असतात. किती जोराने आवळायचं तो आकडा बोल्टजवळ छापलेला असतो, बहुतेकदा ५ न्यूटन मीटर. हा जोर मोजणारा टॉर्कचा पाना नसेल तर दुकानात आवळून घ्या. शिवाय कोणता हात कोणत्या चाकाचा ब्रेक लावतो ते बघा. आपल्याकडे उजवा हात पुढच्या ब्रेकला असायची सवय आहे, बाहेरून आलेल्या काही सायकलींत उलटं असतं.

पहिले दोनशे किलोमीटर

जुन्या सायकलची जी मापं सोसत होती ती जशीच्या तशी नव्यावर लावा. जिथे दुखत होतं तेवढंच बदला. एका वेळी एकच बदल, तोही ५ मिमीचा, आणि मधे दोन-तीन फेऱ्या. सीट, हँडल आणि सीटचं टोक तिन्ही एकाच दिवशी हलवलं तर कशाने बरं वाटलं ते कळणारच नाही. सीट पाणसळ लावून सपाट ठेवा. टोक खाली करायचं झालंच तर एक-दोन अंश, त्याहून जास्त केलं की अंग पुढे घसरतं आणि भार पुन्हा तळहातांवर.

दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर सायकल एकदा दुकानात दाखवा. केबल बसतात म्हणून गिअर अडखळतात, तारा सैल होतात म्हणून चाकाचा आऊट काढावा लागतो, आणि बोल्ट पुन्हा तपासावे लागतात. त्याच वेळी बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला फ्रेम नंबर शोधा, त्याचा फोटो काढा आणि बिलावर तोच नंबर पेनाने लिहून दुकानदाराची सही घ्या. चोरीची तक्रार द्यायला गेलात की ठाण्यात पहिल्यांदा हाच नंबर विचारतात.